बोर्डिंगच्या मुलांचा रविवार कुणाचा?

निवासी शाळा चांगली की वाईट, हे शनिवार-रविवारी कळतं. सोमवार ते शुक्रवार सगळ्याच नावाजलेल्या शाळा थोड्याफार फरकाने सारख्या चालतात. तास, प्रयोगशाळा, मैदान, संध्याकाळचं प्रेप म्हणजे बसून करायचा अभ्यास, जेवण, दिवे बंद. शनिवारी दुपारी शेवटची घंटा झाली की गावातली डे-स्कॉलर मुलं दप्तर पाठीला लावून घरी जातात आणि बोर्डर मुलं तिथेच राहतात. तिथून सोमवारच्या असेंब्लीपर्यंत त्यांचा वेळ कुणाचा, हे पाचगणीत, साताऱ्यात, सांगलीत कुणी फारसं विचारत नाही. पालक विचारत नाहीत, शिक्षण खातं विचारत नाही, आणि शाळांनी त्याचा निकाल आपल्यापुरता लावून टाकला आहे : वेळ शाळेचा.

मला हे मान्य नाही. त्या दोन दिवसांतला मोठा भाग मुलांच्या हाती असला पाहिजे. तो कसा घालवायचा हे त्यांनी ठरवावं, त्यात करायची कामं त्यांनी करावीत, आणि त्यातला काही वेळ फाटकाबाहेर, ज्या गावात ती आठ-दहा वर्षं राहतात त्या गावात जावा. मी वाईत राहतो आणि घाट चढून वरच्या शाळांत मराठी शिकवत आलो आहे. सुट्टीच्या दिवशी ड्यूटी लागली की मुलांचं जे रूप दिसतं ते वर्गात कधीच दिसत नाही. म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

आधी हे दोन दिवस प्रत्यक्षात कसे जातात ते सांगतो, कारण माहितीपत्रकातले फोटो पाहून ते कळत नाही. ‘इंटरनॅशनल’ म्हणवणाऱ्या बहुतेक शाळांत ‘वीकेंड प्रोग्रॅम’ असतो आणि तो शुक्रवारी संध्याकाळी बोर्डावर लागतो. शनिवारी दुपारनंतर क्लब : रोबोटिक्स, पब्लिक स्पीकिंग, बुद्धिबळ, नृत्य. रविवारी उशिरा उठायची मुभा म्हणजे सहाऐवजी सात. मग नाश्ता, कपाट-तपासणी, नखं आणि केस तपासणी, एखादा पाहुण्यांचा कार्यक्रम, जेवण, दोन ते साडेतीन सक्तीची विश्रांती, इंटर-हाऊस मॅच, चहा, प्रेप, जेवण आणि हॉलमध्ये सिनेमा. महिन्यातून एखाद्या रविवारी आउटिंग. तेही बसमधून जायचं, ठरलेल्या ठिकाणी उतरायचं, गटात फिरायचं, ठरलेल्या वेळी पुन्हा बसमध्ये. या सगळ्यात वाईट एकही गोष्ट नाही. वाईट आहे ते एवढंच, की ‘आज काय करू’ हा विचार करायची पाळी मुलावर एकदाही येत नाही.

हा परिसर शाळांचा आहे आणि तो आजचा नाही. इंग्रजांनी पाचगणी वसवली ती हवेसाठी. त्याच हवेपायी इथे क्षयरोग्यांची सॅनेटोरियम आली आणि त्याच हवेपायी शाळा आल्या. किमिन्स, सेंट पीटर्स, बिलिमोरिया, संजीवन, 1945 साली बहाई समाजाने काढलेलं न्यू एरा. आधी साहेबांची, मग पारशी, मुसलमान, गुजराती व्यापाऱ्यांची आणि पूर्व आफ्रिकेत गेलेल्या हिंदी कुटुंबांची मुलं इथे येऊ लागली. झांजीबारहून आठ वर्षांचा फारोख बलसारा असाच सेंट पीटर्समध्ये आला. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं. तो इथे पियानो शिकला आणि शाळेतल्याच चार दोस्तांबरोबर त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. पाच पोरांचा बँड तासाच्या घंटेवर उभा राहत नाही. त्याला रिकामी संध्याकाळ लागते, हाताशी एखादं वाद्य लागतं आणि ‘काय गोंधळ चाललाय’ म्हणून लगेच दार न वाजवणारा एखादा मोठा माणूस लागतो.

जुन्या बोर्डिंगांचं गुणगान मला करायचं नाही. छडी होती, लहान मुलांना मोठ्या मुलांची हमाली करावी लागे, आणि अनेक ठिकाणी रविवारी सकाळी घरी पत्र लिहायचा तास असे. ती पत्रं मास्तर वाचून मगच पाकिटात घालत. रडगाणं लिहिलेलं पत्र पुन्हा लिहावं लागे. ते गेलं ते बरंच झालं. पण त्या काळी बेशिस्तीला वाव देणारा मोकळा वेळ होता आणि आज छडी नसली तरी तो वेळही उरलेला नाही. छडी गेली त्याचं श्रेय शाळा घेतात. मोकळा वेळ का गेला, हे त्यांनी सांगायला हवं.

शाळा सांगतात ते कारण ‘सर्वांगीण विकास’. खरं कारण मोजणी आहे, असं माझं निरीक्षण आहे. रविवारी निम्मा स्टाफ सुट्टीवर असतो. ऐंशी मुलांमागे एक वॉर्डन, एक मेट्रन, फाटकावर वॉचमन. अशा वेळी ऐंशी मुलं एकाच हॉलमध्ये बसलेली असली की वॉर्डनला डोकी मोजता येतात. तीच मुलं कुणी लायब्ररीत, कुणी मैदानाच्या पायऱ्यांवर, कुणी किचनमागे, कुणी झाडाखाली अशी पांगली की त्याच्या पोटात गोळा येतो. त्याचा दोष नाही. काही झालं तर नोकरी त्याची जाणार. पण मग आपण जो कार्यक्रम मुलांच्या विकासासाठी म्हणून पालकांना दाखवतो, तो बराचसा मनुष्यबळाच्या टंचाईतून आलेला आहे, हे मान्य करावं. पालक वर्षाला लाखांत फी भरतात. त्या पैशातून रविवारसाठी वेगळी माणसं नेमता येत नाहीत, हे मला पटत नाही. घोड्यांचा तबेला आणि पोहण्याचा तलाव यांच्यासाठी पैसा निघतो.

एका शाळेतली गोष्ट सांगतो. शाळेचं नाव नको. सातवीतला एक मुलगा होता, आईवडील मस्कतला. आउटिंगच्या दिवशी ज्यांचे पालक येतात ती मुलं गाडीत बसून महाबळेश्वरला जातात, ज्यांचं कुणी येत नाही ती मागे राहतात. हा मागे राहणाऱ्यातला. रविवारी दुपारी तो गायब व्हायचा आणि प्रत्येक वेळी लॉन्ड्रीत सापडायचा. बोर्डिंगच्या लॉन्ड्रीत प्रत्येक कपड्याला आतून नंबरची पट्टी शिवलेली असते. धुतलेल्या ढिगातून तो नंबर शोधून ज्याच्या त्याच्या खणात कपडे लावायचे, हे काम तिथल्या मामांचं. हा मुलगा त्यांच्यासमोर बसून मोजे जुळवायचा, चादरीचे दोन कोपरे धरायचा. मामा वाईजवळच्या एका खेड्यातले. ते बोलत राहायचे : म्हैस व्यायली, पोरीला स्थळ आलं, पाऊस लांबला. वर्गात ज्याच्या तोंडून मराठीचं एक वाक्य काढायला मला घाम फुटायचा, तो तिथे ‘मामा, हा एकशे बाराचा मोजा एकच आहे, दुसरा गावला नाही’ असं सहज बोलायचा. ‘गावला’ हा शब्द मी त्याला शिकवलेला नव्हता.

एका रविवारी व्यक्तिमत्त्व विकासाचं सत्र होतं आणि त्याची हजेरी लागली नाही. त्याला लॉन्ड्रीतून आणलं गेलं, हाऊसच्या वहीत शेरा पडला आणि मुलांनी लॉन्ड्रीत जायचं नाही असा फलक लागला. मामा मला म्हणाले, “पोरगं गप बसतं, हाताखाली काम करतं. कुणाला त्याची काय अडचण झाली सर?” मी वरच्यांकडे हा विषय काढला. उत्तर मिळालं, की पालक फी भरतात ती मुलाने मोजे जुळवावेत म्हणून नाही.

या उत्तराशी माझं भांडण आहे. त्या मुलाला त्या खोलीत जे मिळत होतं ते शाळेतल्या दुसऱ्या कुठल्याही खोलीत मिळत नव्हतं : एक मोठं माणूस जे त्याला गुण देत नाही, एक काम ज्याचा कुणाला तरी खरा उपयोग होतो, आणि घरात असतो तसा संथ, बिनकामाच्या गप्पांचा वेळ. घरचं मूल रविवारी काय करतं ते आठवून बघा. आईच्या आजूबाजूला घुटमळतं, बाबांबरोबर मंडईत जातं, गच्चीवर एकटंच बसतं, मित्राच्या दारात उभं राहून हाका मारतं, कंटाळतं. बोर्डिंगमध्ये घर नसतं, म्हणून घराच्या जागी कार्यक्रम ठेवायचे, हा उपाय मला मुळातच चुकीचा वाटतो. घराच्या जागी घरासारखा वेळ ठेवता येतो. त्याला खर्च कमी आणि धीर जास्त लागतो.

संयुक्त राष्ट्रांनी 1989 मध्ये बालहक्कांचा करार केला आणि भारताने तो 1992 मध्ये स्वीकारला. त्याच्या कलम 31 मध्ये विश्रांती, फुरसत आणि वयाला साजेसं खेळणं हा मुलाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. फुरसत हा शब्द विश्रांतीपासून तिथे वेगळा लिहिलेला आहे. दोन ते साडेतीन डोळे मिटून पडा, या सूचनेने विश्रांती होईल. फुरसत होणार नाही. मजा म्हणजे ज्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांच्या नावाने या शाळा फी घेतात, त्यांचंही म्हणणं निराळं नाही. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमाच्या दोन वर्षांत सर्जनशीलता, कृती आणि सेवा असा एक अनिवार्य भाग असतो आणि तिथे विद्यार्थ्याने स्वतः पुढाकार घेऊन काही उभं करावं अशी अपेक्षा असते. पण सहावीपासून दहावीपर्यंत ज्याने एकही रविवार स्वतः आखलेला नाही, तो अकरावीत एकदम पुढाकार कुठून आणणार? मग शिक्षकच कल्पना देतात, शिक्षकच फोन करतात, शाळेची बस एखाद्या वस्तीवर जाते, वह्या वाटल्या जातात, फोटो निघतो आणि तास भरतात.

याच जिल्ह्यात दुसऱ्या तऱ्हेचं बोर्डिंग जन्मलं आणि वाढलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळ्यांची मुलं एका चुलीवरचं जेवत आणि एका पंगतीला बसत. त्या काळात हे किती अवघड होतं, याची आज कल्पनाही करता येणार नाही. पोरांच्या तोंडात घास पडावा म्हणून कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. आणि बोर्डिंग चालायचं मुलांच्या हातांनी. दळण, पाणी, स्वयंपाक, लाकडं, शेतातलं काम. ‘कमवा आणि शिका’ ही पुढे महाराष्ट्रभर गाजलेली योजना त्याच चुलीपाशी रुजली. त्या बोर्डिंगमधून बॅरिस्टर पी. जी. पाटील घडले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

ती गरिबी परत आणा, असं मी म्हणत नाही. मुलांनी लाकडं फोडावीत असंही नाही. पण त्या मुलांना ते बोर्डिंग आपलं वाटत होतं, कारण ते त्यांच्यावाचून चाललं नसतं. आजच्या इंटरनॅशनल शाळेतल्या मुलाला आपला चहाचा कपही विसळायला लागत नाही. रविवारी त्याच्यासाठी कार्यक्रम होतो, तो बघतो. जेवण येतं, तो जेवतो. सिनेमा लागतो, तो बसतो. आपल्यावाचून इथे काही अडतं, ही जाणीव त्याला आठवड्यातून एकदाही होत नाही. रविवारचा एक नाश्ता मुलांनी करावा. नववी-दहावीच्या मुलांनी सकाळी किचनमध्ये उतरून पोहे करावेत, कांदा चिरावा, फोडणी करपली तर करपलेलं खावं. शंभर माणसांच्या पोह्यांना किती मीठ लागतं, हे कळलेलं मूल दुसऱ्याच्या कष्टाकडे वेगळ्या नजरेने बघतं. हे मी पाहिलेलं आहे. एका शाळेत किचनमधल्या माणसांचा संप झाला तेव्हा दोन जेवणं मुलांनी केली होती आणि त्या टर्ममध्ये ताटात अन्न टाकणं निम्म्यावर आलं होतं.

आता सुरक्षिततेबद्दल. हा आक्षेप हलका नाही आणि मी तो हलका घेत नाही. शनिवार-रविवारी पाचगणी पर्यटकांनी फुललेली असते. पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते. टेबललँडचे कडे सरळ खाली तुटलेले आहेत आणि पावसाळ्यात धुक्यात कडा कुठे संपतो ते दिसत नाही. याहून मोठी भीती फाटकाच्या आतली आहे. मोकळ्या वेळेत, बंद दाराआड मोठी मुलं लहानांना छळतात, आणि छळणारा कधीकधी मोठा माणूसही असतो. निवासी संस्थांत जे भयंकर प्रकार घडले आहेत ते विसरून मोकळीक मागणं बेजबाबदारपणाचं होईल.

म्हणून मी देखरेख काढा असं म्हणत नाही. देखरेख आणि हुकूम वेगळे आहेत. वॉर्डन व्हरांड्यात पेपर वाचत बसू शकतो. मेट्रन डॉर्मच्या दाराशी स्वेटर विणत बसू शकते. त्यांचं लक्ष असतं आणि मुलांना ते माहीत असतं, पण पुढचं काय ते मुलं ठरवतात. छळवादाला वाव मिळतो तो अंधाऱ्या कोपऱ्यांमुळे आणि तक्रार ऐकणारं कुणी नसल्यामुळे. वेळापत्रक कितीही गच्च केलं तरी बाथरूम आणि जिना राहतोच. उलट ज्या रविवारी मेट्रनकडे दहा मिनिटं रिकामी असतात, त्याच रविवारी एखादं लहान पोर तिच्याजवळ येऊन टेकतं आणि सांगायचं ते सांगतं. धावत्या कार्यक्रमात कुणी कुणाला काही सांगत नाही.

बाहेर जाण्याबाबतही तसंच. आठवीच्या पुढची मुलं तिघा-तिघांच्या गटात, गेट पासवर वेळ लिहून, दोन तास बाजारात जाऊन येऊ शकतात. पाचगणीचा बाजार एका रस्त्याचा आहे. तिथले दुकानदार शाळेचा ब्लेझर ओळखतात. त्यातल्या अनेकांचं पोट शाळांवर चालतं. शाळांनी नगरपरिषद, व्यापारी, रिक्षावाले, पोलीस यांच्याशी बसून बोललं तर सगळं गाव मुलांवर लक्ष ठेवील. कड्यांकडे जायचं नाही, पावसाळ्यात धुकं उतरलं की परतायचं, हे नियम मुलांना कळतात. घोडेवाल्याची बारा वर्षांची पोरं त्याच टेबललँडवर रोज वावरतात.

आणि जाण्यासारखं किती आहे! पाच-सहा किलोमीटरवर भिलार आहे. 4 मे 2017 रोजी ते देशातलं पहिलं पुस्तकांचं गाव झालं. लोकांच्या घरांत, पडव्यांत मराठी पुस्तकं मांडलेली आहेत आणि कुणीही जाऊन वाचत बसावं. त्याच गावात स्ट्रॉबेरीचे वाफे आहेत; हिवाळ्यात बायका पहाटे फळ खुडून पनेटात, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डब्यांत भरतात. घाट उतरला की वाई. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी जिथे बसून मराठी विश्वकोशाची उभारणी केली ते हे गाव. दहा-बारा वर्षं वर राहून बारावी झालेली मुलं मी पाहिली आहेत, त्यांना मॅप्रोच्या बागेतलं सँडविच माहीत असतं आणि विश्वकोश माहीत नसतो. कृष्णा त्यांनी खिडकीतून पाहिलेली असते, धोम धरणाचं चमकतं पाणी म्हणून. पाण्यात पाय घातलेला नसतो. अशा शिक्षणाला आंतरराष्ट्रीय म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जग ओळखायला शिकवतो म्हणायचं आणि पायाखालचं गाव अनोळखी ठेवायचं, हे बरोबर नाही.

जुलै-ऑगस्टचं वेगळं आहे. तेव्हा धुकं खिडकीतून डॉर्ममध्ये येतं, गाद्या ओलसर लागतात, मोजे आठवडाभर वाळत नाहीत आणि चार-चार रविवार बाहेर पाऊल टाकता येत नाही. घरची आठवण मुलांना याच दिवसांत सर्वांत जास्त येते. तेव्हा तर कार्यक्रमांचा मारा आणखी वाढतो, मुलं ‘बिझी’ राहावीत म्हणून. माझा अनुभव असा, की पावसाळ्यातल्या रविवारी लायब्ररी, संगीताची खोली, चित्रकलेची खोली आणि कॅरमचे बोर्ड एवढं दिवसभर उघडं ठेवलं तर पुरतं. आणि फोन. बहुतेक शाळांत रविवारी फोनची रांग लागते, प्रत्येकाला दहा मिनिटं. मागे उभ्या असलेल्या मुलांच्या देखत, वॉर्डन घड्याळाकडे बघत असताना मूल आईशी काय बोलणार? ‘हो, ठीक आहे, जेवलो, हो.’ घरी बोलायला आडोसा आणि अर्धा तास द्यावा. होमसिकनेसवर इतका साधा उपाय दुसरा नाही.

सांगलीकडे, मिरजेकडे, कऱ्हाडमध्ये जी निवासी अकादमींची नवी पिढी उभी राहिली आहे, तिथली गोष्ट याहून कडक आहे. तिथे रविवार म्हणजे टेस्ट. सकाळी पेपर, दुपारी डिस्कशन, संध्याकाळी मेडिकल प्रवेशाच्या ‘नीट’च्या धर्तीवर 720 पैकी किती पडले ते पालकांच्या व्हॉट्सॲपवर. ज्याला कमी पडले त्याचा पुढच्या रविवारचा बाहेर जायचा पास रद्द. इथे येणारी बहुतेक मुलं ऊसवाल्या, द्राक्षवाल्या, नोकरदार घरांतली. बापाने कर्ज काढून पाठवलेलं असतं. इथला दबाव मला पाचगणीच्या गच्च वेळापत्रकापेक्षा कितीतरी जास्त घातक वाटतो, कारण इथे मुलाला थकल्याचंही अपराधी वाटतं. पालकांना माझं सांगणं आहे, की महिन्यातले निदान दोन रविवार पोराला गावी येऊ द्या. एसटीने येईल, जेवेल, दुपारी झोपेल, मळ्यात एक चक्कर मारेल, सोमवारी पहाटेच्या गाडीने जाईल. साताऱ्यात खोली घेऊन शिकणाऱ्या खेड्यातल्या कितीतरी पोरांना घरचा डबा एसटीने यायचा, कंडक्टर तो स्टँडवर उतरवायचा, आणि शनिवारी तीच पोरं रिकामे डबे घेऊन घरी जायची. त्यांचं शिक्षण त्यामुळे मागे पडलं नाही.

कुणी म्हणेल, श्रीमंतांच्या शाळांत काय चालतं याच्याशी समाजाला काय देणंघेणं? देणंघेणं आहे. एक तर श्रीमंताचं मूलही मूलच असतं. दुसरं म्हणजे निवासी शिक्षण हे आता मूठभरांपुरतं राहिलेलं नाही. आश्रमशाळा, समाजकल्याणची वसतिगृहं, साताऱ्याची 1961 पासूनची सैनिक शाळा, रयतची वसतिगृहं, अकादमी, आणि गावोगाव ‘इंटरनॅशनल’ची पाटी लावलेल्या शाळा. लहान वयात घर सोडून राहणारी मुलं आपल्या या दोन जिल्ह्यांत हजारोंनी आहेत. आणि महागड्या शाळा जे करतात त्याचीच नक्कल खालच्या फळीतल्या शाळा करतात, तेवढा स्टाफ नसताना. पाचगणीत वीकेंड प्रोग्रॅम निघाला की दोन वर्षांत तो तालुक्याच्या गावातल्या शाळेच्या फ्लेक्सवर येतो.

म्हणून मागणी नेमकी करतो. निवासी शाळांची तपासणी होते तेव्हा खाटा मोजतात, संडास मोजतात, पिण्याच्या पाण्याचा दाखला बघतात, सीसीटीव्ही बघतात. त्याच तपासणीत शनिवार-रविवारचं वेळापत्रक मागवावं आणि दर रविवारी मुलाला किमान चार तास स्वतःचे मिळतात की नाही, ते मुलांना विचारून नोंदवावं. स्टाफला न विचारता, मुलांना विचारून. रविवारी किती मुलांमागे किती मोठी माणसं हजर असतात, तो आकडा शाळेने माहितीपत्रकात फीच्या शेजारी छापावा. रविवारी काम करणाऱ्या वॉर्डन-मेट्रनला आठवड्यात बदली सुट्टी मिळावी. दमलेल्या माणसाच्या हातून मुलांना मोकळीक मिळत नाही. ज्यांचं कुणी येत नाही अशा मुलांसाठी गावातली चार विश्वासाची घरं शाळेने पालकांच्या संमतीने आणि पोलीस पडताळणी करून जोडून द्यावीत, म्हणजे आउटिंगच्या दिवशी त्यांनाही कुणाच्या तरी घरी जेवायला जाता येईल. वाई-पाचगणीत अशी घरं मिळतील, माझं आहे.

आणि जानेवारीपासून प्रवेशासाठी जे पालक घाट चढून येतात, त्यांनी शाळा दाखवायला नेमलेल्या हेड बॉयला बाजूला ठेवून एखाद्या सहावी-सातवीतल्या मुलाला विचारावं, की गेल्या रविवारी तू काय केलंस. त्याने कार्यक्रमांची यादी सांगितली तर पुढे विचारावं, की त्यातलं तू ठरवलेलं काय होतं.